हिवरे बाजारला माणसं परतली, ती कशी

नगर शहराच्या पश्चिमेला साधारण सतरा किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. गावाचं क्षेत्र ९७६ हेक्टर, त्यात डोंगरउतारही आला. पाऊस वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. अशी गावं नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ढिगाने सापडतील. हिवरे बाजारची गोष्ट सांगणारे बहुतेकजण पाण्यापासून सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र तीच गोष्ट माणसांच्या बाजूने उलगडायची आहे: माणसं गाव सोडून का गेली, गेल्यावर त्यांच्या श्रमाचं काय झालं, आणि त्यांतली काही परत का आली. खेड्यातली माणसं शहरात गेली की देश श्रीमंत होतो, असं अर्थशास्त्र सांगतं. ते खरं आहे. ते कधी खरं ठरतं आणि कधी नाही, हे समजायला मात्र माणूस जिथून निघतो त्या उंबऱ्यापाशी जावं लागतं.

१९७२च्या दुष्काळाआधी हे गाव पंचक्रोशीत पहिलवानांचं गाव म्हणून ओळखलं जाई. दुष्काळात आणि त्यानंतरच्या वर्षांत डोंगरावरची झाडं सरपणाला गेली, मोकाट चराईने गवत गेलं, आणि उघड्या पडलेल्या उताराची माती प्रत्येक वळिवात ओढ्याने वाहून जाऊ लागली. खाली आहे दख्खनचा काळा कातळ. त्याच्या पोटात पाणी साठतं ते वरच्या मुरमाड थरात आणि फटींत, तेही थोडंच. पाणी उतारावर अडलं नाही तर मुरत नाही, आणि मुरलं नाही तर दिवाळीनंतर विहीर तळ दाखवते. गावकरी सांगतात की ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लागवडीलायक जमिनीपैकी जेमतेम बारा टक्के जमीन धड पिकत होती. दारूचे गुत्ते मात्र वीसच्या वर होते. सरकारी नोकराला इथली बदली म्हणजे शिक्षा वाटे.

आता या गावातल्या एका घराचं वर्ष पाहू. मृगात पेरणी, बाजरी आणि थोडी कडधान्यं, दसऱ्याच्या आगेमागे काढणी. जमिनीत ओल राहिली तर पुढे ज्वारी-हरभरा, नाहीतर रान मोकळं. म्हणजे कमाई चार-पाच महिन्यांची आणि खर्च बारा महिन्यांचा. घरात काम करणारे चार हात असतील तर ते दिवाळीपासून पुढच्या मृगापर्यंत रिकामे. बहुतेक स्थलांतराचं मूळ या रिकाम्या महिन्यांत असतं. भूमिहीनच गाव सोडतो असा शहरात एक समज आहे. प्रत्यक्षात पाच-सात एकरांचा मालकही दुसऱ्याच्या फडावर ऊस तोडायला जातो, कारण कोरड्या विहिरीजवळची पाच एकर जमीन माघ-फाल्गुनात कुणाला मजुरी देत नाही.

गावाबाहेर पडायला दोन दारं असतात, आणि कोण कोणत्या दाराने निघालं यावर पुढचं बरंच काही ठरतं.

पहिलं दार ओळखीचं. चुलता, मेहुणा, शेजारचा दादा आधी शहरात गेलेला असतो. तो पडायला जागा देतो, मुकादमाला किंवा सुपरवायझरला शब्द टाकतो. मुंबईच्या गिरणगावात एकेका गावाच्या नावाने खोल्याच असत. पंधरा-वीस जण एका गाळ्यात, पाळीपाळीने झोपणारे, जेवण खाणावळीत. नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्याचं मुंबईशी असलेलं नातंही याच धाग्याने विणलं गेलं. सातारा, सांगली, जुन्नर, पारनेर इथली माणसं मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर पोती वाहत होती. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याआधी माथाड्याला रोज कोण बोलावतो याची वाट पाहावी लागे. कायद्यानंतर मंडळाकडे नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आला. वजन तेच, पाठ तीच, पण त्या कमाईवर गावाकडे विहीर बांधण्याचा विचार करता येऊ लागला.

दुसरं दार उचलीचं. ज्याच्याजवळ ओळख नाही, एसटीचं भाडंही नाही, त्याच्या घरी मुकादम पावसाळ्यातच येतो आणि आगाऊ रक्कम ठेवतो. त्या रकमेत लग्न होतं, दवाखाना भागतो, सोसायटीचं कर्ज फिटतं. बदल्यात नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, हंगामभर बांधली जाते. दिवाळीनंतर निघायचं, कारखान्याच्या तळावर पालं टाकायची, पहाटेपासून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. मजुरी टनावर, आणि ती आधी उचलीतून वळती होते. ऊस कमी मिळाला, बाई आजारी पडली, बैल बसला, की उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामाचा करार आपोआप होऊन बसतो. पोरं सोबत असतात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, मग गावातच हंगामी वसतिगृहांची योजना आली, तरी नोव्हेंबरात अनेक गावांतल्या शाळांचे वर्ग ओसरतात ते ओसरतातच.

ही दोन्ही दारं नगर जिल्ह्यात शेजारी शेजारी आहेत, किंबहुना हा जिल्हाच स्थलांतराच्या अभ्यासाला मुद्दाम बनवल्यासारखा आहे. उत्तरेत भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांनी राहाता, श्रीरामपूर, राहुरीचा पट्टा भिजवला. त्या पाण्यावर ऊस आला, आणि लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून १९५०-५१च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड कोरडे राहिले. परिणाम असा की पाथर्डीतला माणूस कोयता घेऊन निघतो तेव्हा पुष्कळदा त्याला जिल्ह्याची हद्दही ओलांडावी लागत नाही. १८८५ साली इंग्लंडच्या जनगणनेचा अभ्यास करून रॅव्हनस्टाइन नावाच्या अभ्यासकाने लिहिलं होतं की स्थलांतर करणारे बहुतेकजण थोड्याच अंतरावर जातात. त्याला पाथर्डी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण नियम इथेही लागू पडतो. आणखी एक गोष्ट: फडावरचा हा माणूस जनगणनेत नीट सापडत नाही. २०११च्या जनगणनेत भारतात सुमारे पंचेचाळीस कोटी स्थलांतरित मोजले गेले, पण त्यांत सर्वांत मोठा हिस्सा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा. पाच-सहा महिन्यांसाठी जाऊन परत येणारा कोयता त्या आकड्यांच्या फटीतून निसटतो.

आता अर्थशास्त्राकडे वळू. सेंट लुशिया बेटावर जन्मलेले आर्थर लुईस यांनी १९५४ साली एक शोधनिबंध लिहिला. पुढे १९७९ साली त्यांना नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं: गरीब देशाच्या शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसं गुंतलेली असतात. दोघांचं काम चौघं वाटून करतात. त्यांतले दोघं निघून गेले तरी धान्याचं उत्पादन फारसं घटत नाही. तेच दोघं कारखान्यात गेले तर तिथे मात्र भर पडते. मालकाला स्वस्तात मजूर मिळतो, तो नफा पुन्हा यंत्रांत घालतो, आणखी माणसं लागतात. असं होत होत एक दिवस गावातली जादा माणसं संपतात, आणि मग मजुरी सगळीकडेच वाढू लागते. आपल्याकडचे ढोबळ आकडे याला दुजोरा देतात. भारतात शंभर कामकऱ्यांपैकी पंचेचाळीसच्या आसपास आजही शेतीत आहेत आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. भागाकार करून पाहा: शेतीबाहेरचा सरासरी माणूस शेतीतल्या माणसाच्या साडेतीन पटींहून अधिक मूल्य निर्माण करतो. एवढा फरक असताना माणसं जागची हलणार नाहीत असं कुणाला वाटत असेल, तर त्याने दिवाळीनंतरच्या सोमवारी कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवर जाऊन यावं.

मुंबई याच रीतीने उभी राहिली. १८५४ साली कावसजी दावरांनी पहिली कापडगिरणी काढली, आणि पुढची शंभर वर्षं रत्नागिरी, साताऱ्याने गिरण्यांना माणसं पुरवली. लुईसच्या मांडणीत न मावणारी एक गोष्ट इथे दिसते. गिरणीने कामगाराला पगार दिला, पण तो धडधाकट होता तोवरच. त्याचं बाळपण, शिक्षण, त्याच्या बायकोचं बाळंतपण, त्याचं आजारपण आणि म्हातारपण हे सगळं गावाने सोसलं. कामगार मनीऑर्डर पाठवी हे आपण कौतुकाने सांगतो. गावाने गिरणीला दिलेली ही सवलत कुणी वहीत मांडली नाही. १९८२च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, संप चिघळला, गिरण्या मोडल्या, तेव्हा हजारो जण गावाकडेच परतले. पण ते परतणं हरून आलेल्याचं होतं. गावात त्यांच्यासाठी पाणी नव्हतं आणि कामही नव्हतं.

मग शहरात नोकरीची खात्री नसताना माणूस का जातो? या प्रश्नाचं उत्तर हॅरिस आणि तोडारो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली दिलं. माणूस शहरातली नुसती मजुरी पाहत नाही, तो मजुरीला काम मिळण्याच्या शक्यतेने गुणतो. आपण आपल्याच आकड्यांत मांडू. समजा गावात मजुरी तीनशे रुपये आहे, पण वर्षाला शंभरच दिवस काम आहे. हातात आले तीस हजार. शहरात पाचशे रुपये रोज, आणि दोनशे दिवस काम मिळेल असा अंदाज. झाले एक लाख. खोली, खाणं, प्रवास यांचे चाळीस हजार वजा केले तरी साठ उरतात. तो जाणार. तीसच्या जागी साठ, एवढं गणित त्याला कुठल्याही प्राध्यापकाशिवाय येतं. आता या गणितात आपण शहराला हातही न लावता फक्त गावाचा एक आकडा बदलू: तीनशे रुपये मजुरी तीच, पण कामाचे दिवस शंभरावरून अडीचशे. गावाकडे झाले पंचाहत्तर हजार, घर स्वतःचं, पोरं शाळेत. शहरात निव्वळ साठ हजार मिळवणारा हमाल परत यायचा विचार करील. कंपनीत कायम झालेला, दोन लाख मिळवणारा, येणार नाही. आणि त्याने येऊही नये. हिवरे बाजारात घडलं ते हेच. वाढला तो कामाच्या दिवसांचा आकडा.

तो वाढवणारा माणूस स्वतः शहरात शिकून परतलेला होता, हेही नोंदवण्यासारखं. पोपटराव पवार एम. कॉम., क्रिकेट खेळणारे, गावातले एकटे पदव्युत्तर. अशा मुलाने नगर-पुण्याला नोकरी धरावी हीच रीत. १९८९ साली तरुणांच्या आग्रहावरून ते बिनविरोध सरपंच झाले. शहर खेड्यातून हात नेतं तसं कधीकधी एखादं शिकलेलं डोकं परतही पाठवतं. सरकारी योजनेची फाइल कशी हलते, हिशोब कसा लिहायचा, अधिकाऱ्याशी कसं बोलायचं, हे ते डोकं जाणतं. पैशाच्या मनीऑर्डरीइतकीच ही मनीऑर्डर मोलाची असते, पण ती फार कमी गावांना येते.

काम सुरू झालं ते डोंगरावर. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आणि अण्णा हजारे यांचं काम डोळ्यांसमोर होतं. राज्याने आदर्श गाव योजना आणली होती आणि १९९४च्या सुमारास हिवरे बाजार तिच्यात घेतलं गेलं. योजनेची पंचसूत्री होती: श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले गेले, ओढ्यांवर मातीचे आणि दगडी बांध, पाझर तलाव, सुमारे सत्तर हेक्टर उजाड वनजमिनीवर झाडं. पाऊस धावायचा थांबला आणि चालू लागला, म्हणजे मुरायला त्याला वेळ मिळाला.

यातला एक भाग सहसा दुर्लक्षित राहतो. या कामाचा मोठा पैसा रोजगार हमी योजनेतून आला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून जन्मलेली ही योजना महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळात पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५च्या केंद्रीय कायद्याला तिचाच आधार होता. तिच्यातून राज्यभर खडी फोडली गेली, रस्ते झाले, पुढच्या पावसात ते वाहूनही गेले. हिवरे बाजारने तीच मजुरी स्वतःच्या डोंगरावर लावली. त्याचा दुहेरी फायदा झाला. चर खणत असतानाच दिवाळीनंतरचे रिकामे महिने मजुरीने भरले, त्यामुळे त्या वर्षी कुणाला निघायची गरज उरली नाही. आणि त्या चरांमुळे पुढच्या वर्षांत विहिरीला पाणी राहिलं, त्यामुळे सरकारी मजुरी थांबल्यावरही काम राहिलं. एकच मजुरी दोनदा कामी आली. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत हुशारीचा भाग वाटतो.

पाणी आलं की भांडण येतं. पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर कुणीतरी खोल बोअर मारतो, ऊस लावतो, आणि गाव पुन्हा मूळपदावर येतं. अशी कितीतरी गावं आपण पाहिली आहेत, ज्यांचे पाणलोटाचे बोर्ड अजून उभे आहेत आणि खाली टँकर. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल घ्यायला बंदी केली, ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं नाकारली, आणि पुढे भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या मदतीने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. ताळेबंदाची रीत समजून घेण्यासारखी आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. ९७६ हेक्टरांवर शंभर मिलिमीटर म्हणजे सुमारे ९८ कोटी लिटर. चारशे पडला तर ३९० कोटी. यातलं बरंचसं उन्हाने उडतं, काही वाहून जातं, काही मातीत ओल म्हणून राहतं, उरलेलं खाली उतरतं. गावात पर्जन्यमापक आहेत, ठरलेल्या विहिरींची पातळी मोजली जाते. पावसाळा संपला की ग्रामसभेत हिशोब मांडायचा: आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी काढून ठेवायचं. जे राहील त्याचे साधारण सत्तर टक्के शेतीला, तीस टक्के जमिनीच्या पोटात पुढच्या वर्षासाठी. मग रब्बीत काय आणि किती लावायचं ते ठरतं. पाऊस कमी झाला तर गहू नाही, उन्हाळी पीक नाही. हे शेतकऱ्याने मान्य करणं सोपं नसतं. पण याच शिस्तीमुळे गावातल्या कामाचे दिवस दुष्काळी वर्षात शून्यावर येत नाहीत, आणि परतलेल्या माणसाला गाठोडं बांधून पुन्हा निघावं लागत नाही.

शेतीपेक्षाही दुधाने माणसं धरून ठेवली. चराईबंदीमुळे डोंगरावर गवत वाढलं. ते कापून आणायचं, ठरावीक अल्प रक्कम भरून, म्हणजे जमीन नसलेल्यालाही जनावर पाळता येतं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला गावातून रोज दीडशे लिटरच्या आसपास दूध जात होतं, ते पुढच्या काळात तीन-चार हजार लिटरांवर गेलं. दुधाचं खरं महत्त्व त्याच्या वेळापत्रकात आहे. कांद्याचे पैसे वर्षातून एकदा-दोनदा येतात, तेही भाव असला तर. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो, आणि त्याला गावात पगार हाच शब्द आहे. शहर माणसाला खेचतं ते मोठ्या रकमेपेक्षा नियमित रकमेने. महिन्याच्या महिन्याला किराण्याची उधारी चुकती होणं ही चैन कोरडवाहू शेतीने कधी दिली नव्हती, ती गोठ्याने दिली.

यातूनच मुंबई-पुण्याला गेलेली डझनावारी कुटुंबं परत आली. दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं १९९५ साली १६८ होती, पुढे ती तीनवर आल्याचं गाव सांगतं. २००७ साली गावाला राष्ट्रीय पातळीवरचा पाणी पुरस्कार मिळाला, २०२० साली पोपटराव पवारांना पद्मश्री. परतण्यासाठी मात्र आणखी एक अट पुरी व्हावी लागते, आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं: परतायला जमीन शिल्लक असावी लागते. गाव सोडणारा घाईत असतो, त्याला पैसे हवे असतात, आणि शहराजवळच्या गावात गुंतवणुकीसाठी जमीन घेणारे तयारच असतात. नगर तर सतरा किलोमीटरवर. हिवरे बाजारने बाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही असा ठराव केला. कायद्याच्या कसोटीवर असा ठराव किती टिकेल यावर वाद घालता येईल. लोकांनी तो पाळला हे खरं. त्यामुळे गेलेल्याचं नाव सातबाऱ्यावरून पुसलं गेलं नाही आणि पाणी आल्यावर त्याला यायला कारण उरलं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे शहराची गरजच नाही, खेड्याकडे चला. हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. हिवरे बाजारचं दूध पितं कोण? त्याचा कांदा, बटाटा, भाजीपाला खातं कोण? शहरंच. जवळ नगर शहर आहे, नेप्तीचा कांदा बाजार आहे, पुढे पुणे-मुंबईची लाखो घरं आहेत, आणि त्या घरांतली पुष्कळशी माणसं स्वतः किंवा त्यांचे आईवडील अशाच गावांतून गेलेले आहेत. शहरात गिऱ्हाईक नसतं तर विहिरीतल्या पाण्याला भाव आला नसता. रोजगार हमीचा पैसाही मोठ्या प्रमाणात शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसायकरातून उभा राहिला होता, हे आज किती जणांना आठवतं? गेलेल्यांच्या कमाईने उरलेल्यांचा डोंगर हिरवा केला, असं म्हटलं तर ते अलंकारिक नाही; ते सरकारी जमाखर्चात दिसतं.

आणि मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पाणी विहिरीत येतं, विहीर जमिनीत असते, म्हणून पाण्याचा मोठा लाभ जमीनवाल्याला मिळतो. भूमिहीनाच्या वाट्याला मजुरी आणि गवत येतं. ते पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं असलं तरी समान नाही. दुसरं, ९७६ हेक्टर वाढत नाहीत. पंचसूत्रीत नसबंदी का होती याचं उत्तर या आकड्यात आहे. दोन भावांत वाटणी झाली, मग त्यांच्या चार मुलांत झाली, की तिसऱ्या पिढीत ताळेबंद कितीही चोख असला तरी सगळ्यांना शेतीवर पोसता येत नाही. म्हणून इथली मुलं शिकून बाहेर जातात आणि जाणारच. लुईसचा नियम हिवरे बाजारने मोडलेला नाही. पण त्यांच्या जाण्यात आणि त्यांच्या आजोबांच्या जाण्यात फरक आहे: हा मुलगा डिग्री घेऊन, मुलाखतीला, परत यायला घर ठेवून जातो, त्याच्या मागे कुणाची उचल नसते, आणि चार महिने नोकरी मिळाली नाही तर तो मिळेल त्या मजुरीला हो म्हणत नाही. असा माणूस शहरालाही जास्त कामाचा. ज्याला गावात उपाशी मरायची भीती आहे तो कुठल्याही भावाने राबतो, आणि इतक्या स्वस्तात राबणारा मजूर मिळत असला की मालक ऊसतोडणीचं यंत्र घेत नाही, कामगाराला शिकवत नाही, घर देत नाही. स्थलांतराने विकास व्हावा असं वाटत असेल तर निघणाऱ्याच्या घरात दाणा असला पाहिजे, असं माझं मत आहे. साखर कारखानदारीने गेली कित्येक दशकं याच्या उलट बाजूवर नफा कमावला.

तुमचं स्वतःचं किंवा आजोळचं गाव असेल, तर एक काम करून पाहा. महाराष्ट्रात २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. पावसाळा संपत आलेला असतो, रब्बीची पेरणी व्हायची असते, आणि मुकादमाच्या गाड्या अजून निघालेल्या नसतात. त्या सभेत दोनच आकडे मागा: या वर्षी गावात पाऊस किती मिलिमीटर झाला, आणि गेल्या वर्षी दिवाळी ते गुढीपाडवा या काळात शाळेच्या पटावरची किती मुलं गैरहजर होती. पहिला आकडा तलाठ्याकडे किंवा कृषी सहायकाकडे मिळेल, दुसरा हजेरीपटात आहे. दोन्ही आकडे इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा, आणि पुढच्या वर्षी त्याच सभेत पुन्हा मागा.